ओळंबा आणि नकाशा

१ फेब्रुवारी २०१९ चा दिवस मी विसरू शकत नाही. शुक्रवार होता. जुमाची सुट्टी संपवून मुले वर्गात परतत होती. फळ्यावर तारीख लिहून मी खडू खाली ठेवला, तोच जमिनीखालून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ बाकडी हलली, खिडकीची तावदाने थरथरली आणि मुले एकमेकांना ढकलत मैदानाकडे धावली. डहाणू-तलासरीच्या लोकांना नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची सवय होऊ लागली होती. पण हा धक्का ४.१ रिश्टरचा, तोवरच्या धक्क्यांत सर्वांत मोठा होता. त्या दिवशी हळदपाड्यात घराबाहेर धावताना एका लहान मुलीचा जीव गेला. आमच्या शाळेतील मुले अल्लाहच्या कृपेने सुखरूप राहिली. वर्गाच्या भिंतीला मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग पडली.

संध्याकाळी अब्बा मला घ्यायला आले. माझे अब्बा गवंडी. चाळीस वर्षे त्यांनी थापी आणि ओळंबा हातात धरला. त्यांनी भेगेवर बोट फिरवले आणि म्हणाले, "भिंत नाही गं फुटली, कोपरा फुटलाय. खिडकी पाडली, पण खिडकीच्या डोक्यावरून बंध फिरवला नाही. भिंती एकमेकींना बांधल्याच नाहीत."

मी बी.एड. झालेली शिक्षिका. अध्यापनाची सूत्रे मला तोंडपाठ आहेत. पण अब्बांना हे कोणी शिकवले, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. जो माणूस ही गोष्ट एका नजरेत ओळखतो, त्याच्या हाती शाळेचा नकाशा कधी का आला नाही? आणि ज्याने नकाशा काढला, त्याला ही गोष्ट कोणी शिकवली होती? या प्रश्नांच्या मागे लागून मी गेली काही वर्षे जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवते आहे. मी इतिहासकार नाही, वास्तुविशारद तर मुळीच नाही. शिकवणे हाच माझा पेशा आहे, म्हणून इमारत बांधायला कसे शिकवले गेले एवढीच बाजू मी पाहिली आहे.

उस्ताद आणि शागिर्द

आपल्या बोलण्यातच या इतिहासाचा पहिला पुरावा आहे. इमारत, नकाशा, मजला, दरवाजा, दालन, महिरप, हौद, दिवाणखाना, मजूर हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून आला. त्याचा अर्थच मुळी उस्ताद. ओळंबा, थापी हे शब्द इथल्या मातीतले. एका साध्या घराच्या बांधकामावर जे शब्द कानी पडतात, त्यांत चार संस्कृती नांदतात. कारागिराने कोणाकडून शिकायचे हे ठरवताना धर्म किंवा भाषा पाहिली नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरा पुरावा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यात आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. मुख्य प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावे येतात : वास्तुरचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. बादशाही घराण्याच्या कबरीवर कारागिरांची नावे कोरली जाणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय एक नाव मुसलमानाचे आणि एक हिंदूचे आहे, हेही आपण ध्यानात ठेवावे.

हा अताउल्लाह कोण? ताजमहालाचा उस्ताद अहमद लाहोरी याचा तो मुलगा. म्हणजे बापाकडून मुलाकडे आलेली ही विद्या. पण ती नुसती हाताची विद्या नव्हती. याच अताउल्लाह रशिदीने भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचे फारसी भाषांतर करून ते शाहजहानला अर्पण केले. त्याचा भाऊ लुत्फुल्लाह तर 'मुहंदिस' म्हणजे भूमितीज्ञ या नावानेच ओळखला जाई. एकाच घरात गणित, भाषा आणि बांधकाम शिकवले जात होते. आज यांतला प्रत्येक विषय वेगळ्या इमारतीत, वेगळ्या प्राध्यापकाकडे शिकावा लागतो.

मकबऱ्याला लोक गरिबांचा ताज म्हणून हसतात. मी मात्र मुलांची सहल घेऊन गेले होते तेव्हा वेगळ्या नजरेने पाहिले. संगमरवर खाली साधारण कमरेपर्यंत आहे आणि वर घुमटाला आहे. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा. 'तारीखनामा'कार गुलाम मुस्तफा यांनी खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. सात आण्यांपर्यंतचा हिशेब! पैसा बेताचा असताना तो कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हेही बांधणाऱ्याचे शास्त्रच आहे. आजच्या महाविद्यालयात या विषयाला 'प्रोफेशनल प्रॅक्टिस' म्हणतात. अंदाजपत्रक, निविदा, करार, देखरेख, मोबदला आणि जबाबदारी हे सगळे त्यात येते.

दुसरा विषय म्हणजे 'बिल्डिंग सिस्टिम्स'. इमारत उभी कशी राहते, तिच्यात पाणी कसे येते, सांडपाणी कसे जाते, हवा कशी खेळते आणि उजेड कुठून येतो, हे त्यात शिकवतात. याचाही धडा त्याच शहरात आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिला पाणी देण्यासाठी जमिनीखालून नहर आणली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस शहर वसवताना आधी पाण्याचा विचार करतो. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीवर डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पडून चक्की फिरवू लागले आणि मुसाफिर-फकिरांचे पीठ दळले जाऊ लागले. चक्की फिरवून झालेले पाणी हौदात साठे. तो हौद ज्या दालनाचे छत आहे, ते दालन उन्हाळ्यात थंड राहते. पाणी, ऊर्जा आणि गारवा यांचा असा एकत्र विचार करणाऱ्यांनी कुठलीही पदवी घेतली नव्हती. ते उस्तादाच्या हाताखाली शिकले होते.

पण उस्ताद-शागिर्द पद्धतीचा नुसता गौरव करणे मला पटत नाही. त्यात विद्या घराण्याबाहेर जात नसे. उस्ताद गेला की बरेचसे त्याच्याबरोबर जाई. शिकणाऱ्याने प्रश्न विचारणे बेअदबी मानली जाई. आणि मुलींना त्यात जागाच नव्हती. अब्बांनी त्यांच्या उस्तादाकडून जे घेतले ते मला दिले नाही, कारण मी मुलगी होते. आणि भावाने घेतले नाही, कारण त्याला चिखलात हात घालायची लाज वाटत होती.

नकाशा काढणाऱ्यांचा वर्ग

इंग्रजी अमलात ही साखळी तुटली. सर जमशेदजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले, तेव्हा त्यावरील नक्षीकाम या शाळेतील विद्यार्थ्यांनी केले. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा होता. बांधकामावर इथलेच अनेक हात राबले, पण शाळेतील मुलांना शिकवली गेली ती प्रामुख्याने सजावट.

१८९६ मध्ये सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग सुरू झाला. हेतू सरळ होता. इंग्रज वास्तुविशारदांना आणि सरकारी बांधकाम खात्याला स्वच्छ नकाशे काढून देणारे मदतनीस हवे होते. विचार साहेबाने करायचा, रेघ हिंदुस्थानी माणसाने ओढायची आणि वीट गवंड्याने रचायची, अशी तीन माणसांत एक विद्या वाटली गेली. शाळेतील कारकून घडवणाऱ्या शिक्षणावर आपण नेहमी बोलतो. बांधकामातही तेच घडले.

तरीही या वर्गातून पुढे बरेच चांगले निघाले. १९१३ च्या सुमारास रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली वास्तुकलेचा नियमित पदविका अभ्यासक्रम आकाराला आला. १९१७ मध्ये विद्यार्थ्यांनी आपली संघटना उभी केली. तिचे पहिले अध्यक्ष होते जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचे रचनाकार. १९२२ मध्ये ती 'बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन' झाली आणि १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स'. एका देशव्यापी व्यावसायिक संस्थेची सुरुवात विद्यार्थ्यांच्या संघटनेतून झाली, ही मला शिक्षिका म्हणून फार आवडणारी गोष्ट आहे.

१९२३ ते १९४३ या काळात क्लॉड बॅटली या विभागाचे प्रमुख होते. जुन्या वाड्यांची, मशिदींची, मंदिरांची प्रत्यक्ष मापे घेऊन नकाशे करायला ते विद्यार्थ्यांना लावीत. पुस्तक मिटून फीत घेऊन भिंतीपाशी जा, हा त्यांचा मार्ग आमच्या बी.एड.च्या भाषेत कृतीतून शिक्षणच होय. १९५८ मध्ये वास्तुकलेचे महाविद्यालय कलाशाळेपासून वेगळे झाले. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे याच जे.जे.मध्ये शिकून पुढे हार्वर्डला गेले आणि स्वतंत्र भारताच्या आघाडीच्या वास्तुविशारदांत गणले गेले. ड्राफ्ट्समनच्या वर्गापासून इथवरचा प्रवास मोठाच आहे. पण गवंडी होता तिथेच राहिला. त्याच्यासाठी वर्ग निघाला नाही.

कायदा आणि पाटी

१९७२ मध्ये संसदेने आर्किटेक्ट्स कायदा केला. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली. नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नये असे ठरले. १९८३ मध्ये शिक्षणाचे किमान निकष आले, १९८९ मध्ये व्यावसायिक आचरणाचे नियम आले. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बांधकामशास्त्र, इमारतीतील सेवा आणि व्यवसायपद्धती हे विषय बसवले गेले. एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष कामाचे एक सत्रही आले. मोबदला किती घ्यावा, ठेकेदाराकडून कमिशन घेऊ नये, ग्राहकाचे हित कसे जपावे, हे विद्यार्थ्यांनी शिकावे अशी अपेक्षा झाली. वैद्यकाला जशी शपथ, तशीच ही बांधणाऱ्याची आचारसंहिता.

पण कायद्यातली एक खोच सामान्य माणसाला ठाऊक नसते. हा कायदा 'आर्किटेक्ट' या पदवीला संरक्षण देतो, कामाला नव्हे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच स्पष्ट केले : नोंदणी नसलेल्याने ती पदवी लावू नये, पण इमारतीची रचना करण्याची सरसकट मनाई या कायद्यात नाही. म्हणजे दारावरची पाटी सुरक्षित आहे. आतल्या माणसाच्या डोक्यावरचे छत सुरक्षित आहे का, हा प्रश्न वेगळाच उरतो. आणि आमच्या पाड्यांवर तर पाटी लावणाराही येत नाही. तिथे घर बांधतो तो गावचा गवंडी, नाहीतर घरमालक स्वतः.

जमिनीने घेतलेले तास

आपल्या देशात इमारतीचे शास्त्र महाविद्यालयांनी जितके शिकवले, त्याहून कठोरपणे जमिनीने शिकवले. बलुचिस्तानात १९३१ मध्ये माच येथे भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याने क्वेट्ट्यात रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी भूकंपाचा विचार करून घरे बांधली आणि १९३३ मध्ये हिंदुस्थानातील भूकंपाचे पट्टे दाखवणारा नकाशा मांडला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले, हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. कुमारांनी बांधलेली घरे उभी राहिली. ज्ञान होते, पुरावा होता, पण ते सगळ्यांपर्यंत गेले नाही.

१९६० मध्ये रुरकी येथे प्रा. जय कृष्ण यांच्या प्रयत्नांनी भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. १९६२ मध्ये भूकंपरोधक रचनेचे पहिले भारतीय मानक आले. त्यानंतर पाच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेची जमीन हादरली. सुमारे १८० माणसे गेली आणि दख्खनचा दगड कधी हलत नाही हा महाराष्ट्राचा समज मोडला. तरी आपण विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीत सुमारे दहा हजार माणसे झोपेत गेली. मारले ते भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती, आतला आणि बाहेरचा थर जोडणारा आडवा लांब दगड नाही, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. त्याच वर्षी मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठी भारतीय मानके निघाली. जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसन झाले, गावे हलवली गेली आणि गवंड्यांना प्रशिक्षणही दिले गेले. गवंड्याला वर्गात बसवायचे असते, हे सरकारला किल्लारीने शिकवले असे म्हणायला हरकत नाही.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. तिथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. खाली मोटारींसाठी मोकळा मजला, वर भिंतींनी भरलेले मजले. अशा इमारतींचे पाय लटपटले. या इमारतींना नकाशे होते, मंजुऱ्या होत्या, शिकलेल्या माणसांच्या सह्या होत्या! म्हणजे चूक फक्त अडाण्याची नव्हती. आपली महाविद्यालये काय शिकवतात, हा प्रश्न तेव्हा देशाने विचारला. २००३ मध्ये केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. कानपूरच्या आय.आय.टी.ने त्याचे संयोजन केले. अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाच पुन्हा विद्यार्थी करून शिकवले गेले. कानपूरच्याच प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी सोप्या भाषेत, चित्रांसह भूकंपविषयक टिपा लिहिल्या. त्या मी वाचल्या. एका टिपेत चित्र होते : विटेच्या घराला जोत्यापाशी, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली पट्ट्याप्रमाणे बंध. अब्बा जे बोट फिरवून सांगत होते, तेच.

कुडाचे घर, विटेचे घर

आता आमच्या डहाणू-तलासरीकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. हे दोन्ही तालुके त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून आहेत. किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या आणि मच्छीमारांची वस्ती, आत डोंगराकडे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांचे पाडे. वारल्यांचे जुने घर कुडाचे. लाकडी मेढी रोवून, त्यांत कारवीच्या काठ्या विणून, वर माती-शेणाचा लेप द्यायचा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जग चित्राकडे पाहत राहिले. चित्राखालच्या भिंतीकडे कोणी पाहिले नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरनंतर त्या भिंतीकडे पाहण्याची वेळ आली. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा, तलासरी या भागांत धक्क्यांमागून धक्के येऊ लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने यंत्रे बसवली. शास्त्रज्ञ याला भूकंपांची झुंड म्हणतात : एक मोठा धक्का न येता, उथळ जागी, छोटे छोटे हजारो धक्के. सरकारने तंबू दिले. थंडीच्या रात्री माणसे घर सोडून अंगणात झोपली. माझ्या वर्गातील मुले सकाळी जांभया देत येत. "टीचर, जमीन कधी गप्प बसणार?" असे पाचवीतला एक मुलगा मला विचारी. त्याला काय उत्तर द्यावे?

मी काही पाड्यांवर फिरले. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिते. कुडाच्या भिंतीचा लेप ठिकठिकाणी गळला होता, पण कूड उभा होता. कारवी वाकते आणि परत सरळ होते. पडली तरी त्या भिंतीने माणूस दबत नाही. तडे गेले होते ते विटेच्या घरांना. पोटाला चिमटा काढून, 'पक्के' घर हवे म्हणून बांधलेली ही घरे. सिमेंट कमी, बंध नाही, कोपरे सुटे. एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, जुन्या घरात भ्या नव्हता. नव्या घराचा भ्या वाटतो."

याचा अर्थ सर्वांनी पुन्हा कुडात राहावे असा मी काढत नाही. कुडाला वाळवी लागते, आग लागते, दरवर्षी लेप द्यावा लागतो, आणि आता जंगलात कारवी-लाकूड सहज मिळत नाही. आदिवासीने पक्क्या घराचे स्वप्न पाहू नये असे म्हणण्याचा अधिकार स्लॅबच्या घरात राहणाऱ्या आपल्याला नाही. दोष विटेचा नाही. वीट आली, पण विटेबरोबर तिची विद्या आली नाही. कुडाचे शास्त्र आईबापांनी शिकवले होते. विटेचे शास्त्र शिकवायला कोणीच आले नाही.

दोन वह्या

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज मुंबईत वास्तुकला शिकते. उर्दू माध्यमातून दहावी, मग विज्ञान, मग प्रवेशपरीक्षा. तिच्या आईने दागिने मोडून फी भरली. पहिल्या वर्षी इंग्रजी कळत नाही म्हणून ती फोनवर रडायची. चौथ्या वर्षी ती सुट्टीत आली आणि आपली वही घेऊन अब्बांकडे बसली. मी चहा करता करता ऐकत होते.

तिने विचारले, "चाचा, कॉलमच्या रिंगचे हूक तुम्ही कसे वाकवता?"

"काटकोनात. सगळेच तसे वाकवतात."

"पुस्तकात १३५ अंश सांगितलेत. टोक आत, काँक्रीटच्या पोटात गेले पाहिजे. काटकोनातले हूक धक्क्यात उघडतात आणि सळया बाहेर फुगतात."

अब्बा गप्प झाले. चाळीस वर्षांत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी किती कॉलम उभे केले असतील! त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. मग त्यांनी तिला विचारले, "बेटी, तुझ्या वहीत लिहिलंय का, की मालात पाणी जास्त घातलं तर गवंड्याचं काम सोपं होतं आणि ठेकेदार त्याला हरकत घेत नाही? पाणी मारायला सात दिवस माणूस ठेवायचे पैसे कोणी देत नाही, हे लिहिलंय?"

आता ती गप्प झाली. तिच्या प्रोफेशनल प्रॅक्टिसच्या वहीत निविदा होती, करार होता, लवादाचे कलम होते. पण त्या करारात जो सही करत नाही, तो मजूर कुठेच नव्हता. तिला शिकवलेला ग्राहक फी देणारा होता. तलासरीच्या पाड्यावरची म्हातारी ग्राहक असू शकते, हे तिला कोणत्याही तासाला सांगितले गेले नव्हते.

त्या संध्याकाळी एका खाटेवर बसून त्या दोघांनी एकमेकांना जे शिकवले, ते अताउल्लाहच्या घरात एकत्र होते आणि १८९६ च्या वर्गाने वेगळे केले होते. अब्बांनी तिच्याकडून एका कागदावर हुकाचे चित्र काढून घेतले. तो कागद आजही त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत आहे. हल्ली ते स्वतः काम करत नाहीत. पण कुठे सळई बांधणे चालू दिसले की थांबून पोरांना तो दाखवतात.

पाकिस्तानातील यास्मिन लारी यांची हकीकत मी त्या मुलीला सांगितली. इंग्लंडमध्ये शिकलेल्या, पाकिस्तानच्या पहिल्या महिला वास्तुविशारद. मोठमोठ्या काचेच्या इमारती उभारून २००० मध्ये त्या व्यवसायातून निवृत्त झाल्या. २००५ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्या डोंगरात गेल्या आणि माती, चुना, बांबू यांची हलकी घरे लोकांकडूनच बांधून घेऊ लागल्या. खेड्यातल्या बायकांना त्यांनी बांधायला शिकवले. २०२३ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे रॉयल सुवर्णपदक त्यांना मिळाले. ज्या काचेच्या इमारती बांधल्या त्यांचे प्रायश्चित्त आपण घेत आहोत, अशा अर्थाचे त्या बोलतात. मुलीने शांतपणे ऐकले आणि विचारले, "टीचर, प्रायश्चित्त घ्यावे लागू नये असे पहिल्यापासूनच नाही का शिकता येणार?"

तिचा हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते. आपल्या समाजात गवंडी, सुतार, सेंटरिंगवाले, प्लंबर, वायरमन, रंगारी घरोघर आहेत. आपल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनियर व्हावे असे आपल्याला वाटते. पण बापाच्या हातात असलेली विद्या ही विद्याच आहे, हे आपण त्यांना सांगत नाही. गवंड्याचा मुलगा शाळेत बापाचा धंदा सांगताना मान खाली घालतो. मी आता भूमिती शिकवताना ओळंबा वर्गात नेते. काटकोन म्हणजे काय हे दोरी आणि ३-४-५ च्या मापाने जमिनीवर आखून दाखवायला एखाद्या गवंडी पालकाला बोलावते. ज्या दिवशी एका मुलाचे वडील फळ्यापाशी उभे राहून साऱ्या वर्गाला गुनिया कसा धरायचा ते सांगत होते, त्या दिवशी त्या मुलाची मान वर होती.

करण्यासारखे खूप आहे आणि ते अवघडही नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष कामाचे सत्र मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयाबरोबर डहाणू-तलासरीच्या पाड्यावरही होऊ शकते. भूकंपविषयक टिपा मराठी, उर्दू आणि वारली बोलीत, चित्रांसह, सिमेंटच्या दुकानाच्या भिंतीवर लावता येतील. मशिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या बांधकामासाठी आपण वर्गणी काढतो. त्या वर्गणीतून संगमरवराआधी बंधाची सळई विकत घेतली जावी, एवढा आग्रह कमिटीत बसणाऱ्यांनी धरावा. मकबऱ्याच्या बांधणाऱ्यांना बेताच्या पैशाचा हिशेब कळला होता; आपल्याला कळू नये?

आमच्या वर्गाची भेग पुढे बुजवली गेली. वरून रंग दिला गेला. बंध घातला गेला नाही. पावसाळ्यात ती रेघ रंगातून पुन्हा वर आली आहे. मी ती मुलांना दाखवते आणि सांगते, हा धडा अजून पूर्ण झालेला नाही.